डेडस्टॉक रजिस्टरात न मावणारी वस्तू: वर्गातला ऑक्सिजन सेन्सर, पावणेदोन वर्षं वापरून

आमच्या प्रयोगशाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, एक पितळी मायक्रोस्कोप आहे, माझ्या नोकरीपेक्षा वयाने मोठा. त्याच्याखाली गॅनाँगचे तीन रेस्पिरोमीटर (बियांचं श्वसन मोजायची काचेची उपकरणं; पैकी दोन फुटके, शेरा 'निर्लेखनास प्रलंबित'), मग बेल जार, आणि त्यानंतर माझ्या अक्षरात एक ओळ: 'ऑक्सिजन गॅस सेन्सर, ब्लूटूथ, १ नग, रु. ११,८००/-'. ही ओळ चुकीच्या रजिस्टरात लिहिली गेली आहे. ते कळायला मला पावणेदोन वर्षं लागली, आणि सेन्सरमधला एक सेल मेला.

मी चोपडा तालुक्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. श्वसनाचा धडा आला की इतकी वर्षं एकच सोंग लावायचे: शंकूपात्रात मोड आलेले मूग, आत दोऱ्याने टांगलेली केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची) छोटी नळी, बुचातून बाहेर काढलेली वाकडी काचनळी आणि खाली चंचुपात्रात लाल रंगाचं पाणी. मुगांनी ऑक्सिजन घेतला, सोडलेला कार्बन डायऑक्साइड केओएचने गिळला, आत हवा कमी झाली, पाणी नळीत चढलं. फळ्यावर हे दरवेळी जमतं. टेबलावर मात्र खिडकीतून ऊन आलं की पात्रातली हवा फुगते आणि पाणी चढायच्या ऐवजी उतरतं. तास पंचेचाळीस मिनिटांचा. शेवटी 'असं समजा की चढलं' म्हणून मुलांना आकृती काढायला लावायची. मागची बाकं तोवर डबा उघडून बसलेली असतात.

म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये हा सेन्सर मागवला. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. हीच जात बाजारात चार-पाच नावांनी मिळते, आणि माझं बरंवाईट म्हणणं या जातीबद्दल आहे. मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची नळी, टोकाला जाळी, अंगावर एकच बटण. सोबत २५० मिलीची रुंद तोंडाची बाटली आणि सेन्सर घट्ट बसेल असं भोक पाडलेलं रबरी बूच. आकडा मोबाइलवर दिसतो, आलेखही आपोआप निघतो. बॅटरीवर चालत असल्याने लाइट गेले तरी तास अडत नाही. अ‍ॅप इंग्रजीत आहे, पण मुलांना त्याचं काही वाटत नाही, मलाच चष्मा लागतो.

पार्सल आलं ते आडवं. आत चिठ्ठी होती, 'नेहमी उभं ठेवा'. ही सूचना खोक्याच्या आत छापून कुरिअरवाल्याला कशी कळणार, हे छापणाऱ्यालाच ठाऊक. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. पहिला आकडा आला १९.६, तोही स्थिर नाही. आमच्या लॅबमधल्या मामांनी सेन्सर रात्रभर टेस्ट ट्यूबच्या स्टँडमध्ये उभा ठेवला, दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातल्या मोकळ्या हवेत बटण दाबून २०.९ला लावला, तेव्हा तो ठिकाणावर आला.

उभं का ठेवायचं, हे यंत्राचं पोट कळल्याशिवाय कळत नाही. आत एक लहानशी बॅटरीच असते, तिलाच सेल म्हणतात: एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला सोन्याचा किंवा चांदीचा पत्रा, मध्ये द्रव. टेफ्लॉनच्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन आत शिरतो, पत्र्यावर इलेक्ट्रॉन घेतो, आणि तिकडे शिशाचं ऑक्साइड होत जातं. जेवढा ऑक्सिजन तेवढा करंट, म्हणून आकडा. आडवं ठेवलं तर द्रव एका अंगाला जातो. आणि खरी गोम अशी की बटण बंद असलं तरी हवा बंद होत नाही, त्यामुळे शिसं झिजतच राहतं. कपाटात कुलूप लावून ठेवा की रोज वापरा, सेल साधारण दोन वर्षांचाच सोबती. शाळा-कॉलेजांत महागाची वस्तू आली की ती जपायची म्हणून कपाटात जाते. ही वस्तू कपाटात जपली जात नाही, नुसती संपते.

पहिल्या तासाला मी मूग काढलेच नाहीत, सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलांना एकेक करून फुंकायला लावलं. सर्वांचा अंदाज होता की उच्छ्वासात ऑक्सिजन नसतोच. 'आपण ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो' हे वाक्य चौथीपासून पाठ असल्याचा हा परिणाम. आकडा आला १६.४. दुसऱ्या मुलीचा १६.८. एकाने अर्धा मिनिट श्वास रोखून मग फुंकलं, तर १४.१. आत घेतलेल्या ऑक्सिजनमधला चौथा-पाचवा हिस्साच आपण वापरतो, बाकी परत. तोंडाला तोंड लावून दिलेला श्वास बेशुद्ध माणसाला का चालतो, याचं उत्तर त्यातच होतं, आणि ते मागच्या बाकावरच्या मुलीने दिलं. मग सगळ्यांनाच श्वास रोखायचा होता. मी पिशवी काढून घेतली, कोणी चक्कर येऊन पडलं असतं तर मुख्याध्यापकांना मलाच सांगावं लागलं असतं.

दुसरा प्रयोग मेणबत्तीचा, आणि माझ्या मते पैसे वसूल झाले ते इथेच. परातीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर बरणी. पाणी पाचवा हिस्सा चढतं, म्हणजे ऑक्सिजन सगळा जळला, असं मीसुद्धा नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं आहे. या वेळी पाच लिटरची लोणच्याची काचेची बरणी घेतली आणि सेन्सर आत बाजूला खाली टांगला, ज्योतीच्या वर नाही, कारण गरम हवा लागली की आकडा भलतंच सांगतो. सगळे मोबाइलकडे बघत होते. १८, १७.५, १७. ज्योत बारीक झाली. "मॅडम, आकडा खाले उतरना!" ही अहिराणी ज्याची, तो एरवी वर्गात तोंड उघडत नाही. १६.२ला मेणबत्ती विझली. सेन्सरला ताजा आकडा दाखवायला दहा-पंधरा सेकंद लागतात, म्हणून मी मुलांना सोळाच्या आसपास असंच लिहायला सांगितलं. वर्गात शांतता. ऑक्सिजन तर तीन-चतुर्थांश शिल्लक होता!

मग पाणी का चढलं? मेणबत्तीने तापून फुगलेली हवा बुडबुडे काढत बाहेर गेली होती, विझल्यावर उरलेली आकसली. कडेने निघालेले बुडबुडे सगळ्यांनी पाहिले होते, मनावर कोणीच घेतले नव्हते. एका मुलाने सांगितलं की पडक्या विहिरीत उतरायच्या आधी त्याचे आजोबा दोरीला कंदील बांधून सोडतात. बरोबरच आहे, कंदील विझतो त्या हवेत माणूसही जड होतो. पण ऐका, हा वर्गातला सेन्सर घेऊन कोणी विहिरीच्या तोंडाशी जाऊ नका. विहिरीत दुसरे वायूही असतात, आणि त्यांच्याबद्दल हा एक शब्द बोलत नाही.

आता मुगाकडे येते, कारण यंत्र घेतलं ते त्यासाठी, आणि नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. तीस ग्रॅम मोड आलेले मूग बाटलीत, बूच लावलं, वीस मिनिटांत २०.९वरून १८.८. टाळ्या. मग मी दुसऱ्या बाटलीत तेवढेच मूग घेतले, पण उकळून थंड केलेले. मेलेले मूग श्वास घेणार नाहीत, आकडा जागचा हलायला नको. तो २०.४वर गेला. मुलं माझ्याकडे बघायला लागली.

चोर होता तो पाण्याची वाफ. मार्चमधल्या आमच्या हवेत ओलावा नावालाच. त्या कोरड्या हवेत मी सेन्सर २०.९ला लावला, आणि नंतर त्याला ओल्या मुगांच्या बाटलीत घातलं. तीस अंशाला बाटलीतली हवा वाफेने पुरती भरली की त्यात वाफेचाच वाटा चार टक्क्यांच्या जवळ जातो. मुगांनी बाटली भरून, चाळत-हलवत, बूच बसवेपर्यंत त्या वाफेने थोडी हवा बाहेर ढकललेली असते, आणि तिच्याबरोबर ऑक्सिजनही गेलेला असतो. म्हणजे २.१च्या उतारातला अर्धा टक्का मुगांच्या श्वसनाचा नव्हताच. खरा उतार १.६. हा अर्धा टक्का कंपनीच्या माहितीपत्रकात कुठेही नाही. उलट 'पहिल्याच मिनिटापासून दिसणारे परिणाम' असं मोठ्या अक्षरात छापलंय. पहिल्या मिनिटात दिसते ती वाफच. आता आम्ही बूच लावून पाच मिनिटं जाऊ देतो आणि मगच मोजायला लागतो, आणि उकळलेल्या मुगांची बाटली शेजारी असल्याशिवाय कोणाचाही आकडा वहीत घेत नाही.

त्या कंट्रोलचीही, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या बाटलीचीही, एक गंमत. उकळलेले मूग एकदा मी आदल्या दिवशीच करून ठेवले, सकाळी वेळ वाचेल म्हणून. दुसऱ्या दिवशी मेलेल्या मुगांचा आकडा जिवंत मुगांच्याही पुढे पळाला. बूच काढलं तर आंबूस वास. रात्रभर चोपड्याच्या उकाड्यात त्यावर जिवाणूंनी संसार थाटला होता, आणि श्वास घेत होते ते. त्या दिवशी ठरवलेला धडा बाजूला राहिला, पण तास कधी संपला ते कळलं नाही.

जाळीवर दव जमतं, तेव्हाही आकडा खोटा खाली येतो. टिश्यूने टिपून घ्यायचं, दाबायचं नाही, पडदा फाटला की सेल गेला. बाटली मुठीत धरून ठेवायची नाही, टेबलावर ठेवायची. यीस्ट आणि साखरेच्या पाण्याचा प्रयोग करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ऑक्सिजन संपल्यावर पुढे चालतं ते किण्वन या यंत्राला दिसत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. श्वसन गुणांक (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) काढायचा तर कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर हवा, नाहीतर गॅनाँगचा उरलेला एक रेस्पिरोमीटर. आम्ही दुसरा मार्ग धरला. ज्वारीचा गुणांक एकच्या जवळ आला, भुईमुगाचा ०.७च्या आसपास, पुस्तकात तेलबियांचा देतात तेवढाच. तेल जाळायला ऑक्सिजन जास्त लागतो, एवढं त्यातून कळलं तरी पुरे.

सेन्सर खरा आहे का, हे खालच्या टोकाला तपासायची माझी हौस. वर २०.९ मिळतो, शून्य कुठून आणायचा? नायट्रोजनचं सिलिंडर आमच्याकडे नाही. लोखंड गंजताना ऑक्सिजन खातं, म्हणून बाटलीत तारेची घासणी व्हिनेगरमध्ये बुडवून, झटकून, रात्रभर कोंबून ठेवली. सकाळी २०.७. मामा हसले. भांड्याची घासणी स्टेनलेसची, ती गंजत नाही म्हणून तर आपण ती घेतो! मग हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशवाले वापरतात ते मऊ स्टील वूल आणलं. दुसऱ्या सकाळी १.३. वूल तपकिरी, आणि सेन्सर पास.

हा सेन्सर टक्के मोजत नाही, हे मला तोरणमाळला कळलं. सहलीला शहाद्याहून घाट चढून गेलो, साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, आणि यशवंत तलावाच्या काठावर एका हौशी मुलाने बॅगेतून सेन्सर काढला. आकडा १८.७. "मॅडम, इथे ऑक्सिजन कमी आहे!" कमी आहेही आणि नाहीही. हवेतला वाटा तिथेही २०.९च. पण हवेचा दाब चोपड्याला ९९ किलोपास्कलच्या आसपास, तोरणमाळला ८८च्या, आणि सेन्सरला कळतो तो ऑक्सिजनचा दाब. २०.९ला ८८ने गुणा, ९९ने भागा: १८.६. गणित तलावाच्या काठावर चिप्सच्या पाकिटाच्या मागे सोडवलं. म्हणून जिथे प्रयोग करायचा तिथेच बटण दाबून २०.९ लावायचं, घरून लावून न्यायचं नाही.

आता केळी. जळगाव जिल्ह्यात श्वसन शिकवायचं आणि केळीला हात लावायचा नाही, असं कसं चालेल? सावद्याकडून येणाऱ्या एका मुलीच्या घरी केळीची वखार आहे. तिने हिरव्या केळीची फणी आणली. तीन केळी त्याच लोणच्याच्या बरणीत, दोन तास: ०.४ टक्के उतार. ताजी हवा देऊन बरणी बाहेर ठेवली, रोज त्याच वेळी दोन तास बंद. चौथ्या दिवशी, साल हिरवीची पिवळी होत असताना, उतार १.३. पिकायला लागलं की केळं धापा टाकतं, आणि तेव्हाच त्यातल्या पिठाची साखर होत असते. तिने वखारीचं सांगितलं: माल पिकायला लागला की दार उघडून हवा बदलावीच लागते, आणि आत शिरायच्या आधी थोडा वेळ दार सताड उघडं ठेवायचं, असा आजीचा हुकूम. आजीने बरणी पाहिलेली नाही. मला वाटतं, या पावणेदोन वर्षांतला माझा सगळ्यात चांगला तास तो, आणि त्यात मी फारसं बोलले नव्हते.

मग तक्रार. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात, फेब्रुवारीत, सेन्सर मोकळ्या हवेत १७ दाखवायला लागला. बटण दाबलं की २०.९, दहा मिनिटांनी परत घसरण. शिसं संपलं होतं. सेल काढून बघितला तर त्याच्या अंगावर, नखाएवढ्या अक्षरात, बनवल्याची तारीख: आमच्या हातात यायच्या दहा महिने आधीची. म्हणजे अडीच वर्षांच्या आयुष्यातले दहा महिने त्यांच्या गोदामात गेले, आणि पैसे पूर्ण आम्ही भरले. फोनवर उत्तर मिळालं, "मॅम, इन्स्ट्रुमेंटची वॉरंटी एक वर्ष, सेलची सहा महिने." कोणत्या दिवसापासून सहा महिने, असं विचारलं तर बिलाच्या दिवसापासून. अहो, सेलला बिल वाचता येत नाही. नवा सेल ४,६०० रुपयांचा.

त्यातही एक निवड आहे, ती पहिल्या वेळी मला कोणी सांगितली नव्हती. काही सेलमध्ये अल्कली द्रव असतो, आणि कार्बन डायऑक्साइड त्या द्रवाला हळूहळू खातो. आमची बाटली तर सारखी कार्बन डायऑक्साइडने भरलेली. काही सेलमध्ये सौम्य आम्ल असतं, त्याला याचा त्रास नाही. श्वसनाच्या प्रयोगाला हा आम्लवाला मागा, आणि विक्रेत्याला फरक सांगता येत नसेल तर दुकान बदला. ऑक्सिजनने विझणाऱ्या प्रकाशावर चालणारा सेन्सरही मिळतो, त्यात शिसं नसतं आणि तो जास्त टिकतो, पण त्याच्या किमतीत आमचा वर्षभराचा बायोलॉजीचा खर्च निघतो. मेलेला सेल फोडू नका, कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आहे. आमचा एका बरणीत, वर चिठ्ठी लावून, ई-कचरा नेणाऱ्याची वाट बघतोय.

घ्यावा का? पाचपैकी साडेतीन. तालुक्यातल्या तीन कॉलेजांनी मिळून एक घेतला आणि जुलै ते फेब्रुवारी फिरवत वापरला तर चार देईन. वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडायला हवा असेल तर शंकूपात्र आणि लाल पाणी पुष्कळ.

नव्या सेलची नोंद कुठे करायची यावर ऑफिसात आठवडा गेला. क्लार्कभाऊ म्हणाले, हजारांतली वस्तू, डेडस्टॉकच. मी म्हटलं, दोन वर्षांत संपते, मग स्पिरिट-फॉर्मेलिनच्या रजिस्टरात लिहा. त्यांनी फाइल बंद केली, उघडली, आणि शेवटी खपणाऱ्या साहित्यात लिहिलं, पेन्सिलने. सेल उद्या-परवा येईल. मामांना सांगून ठेवलंय, खोकं उभं आहे का बघा, अंगावरची तारीख वाचा, आणि ती तीन महिन्यांच्या आतली असली तरच पावतीवर सही करा.